नखं वाढत्यात, डॉक्टर

मी कासार. सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजूला आमचं बांगड्यांचं दुकान हाय. दुकान म्हंजे एकानं पाय पसरले की दुसऱ्यानं उभं ऱ्हायाचं, एवढंच. शाळेत मी दुसरीपातुर गेलो, मग मास्तरांना माझा कट्टाळा आला. म्हणून हे मी लिहीत न्हाय, बोलतोय. लेकीनं मोबाइलमधी कायतरी चालू करून दिलंय, मी बोलायचं आन त्यो लिवणार. मधीच त्यो ‘कासार’च्या जागी ‘कासव’ लिवतो. ते बी खोटं न्हाय.

बोलायचं कारण एवढंच, की गेल्या लग्नसराईत मी जवळजवळ गेलो हुतो. आन जायच्या आधी तीन-चार महिनं माझी नखं मला सांगत हुती. दिसभर बायकांचे हात हातात घेणारा माणूस मी. कुणाचं नख पिवळं, कुणाचं चावलेलं, कुणाच्या नखात कणीक, सगळं मला ठावं. पर माझ्या स्वतःच्या हाताला बी धा नखं हायेत, हे मला दवाखान्यात कळलं. तुमचं तसं हुऊ नये.

काचेतला उजेड

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या दुकानात एक येळ येती. रस्ता उन्हानं मोकळा झालेला असतो. समोरून ऊन आत येतं आन टांगलेल्या बांगड्यांतनं जातं. मग मागच्या भिंतीवर हिरवं, लाल, पिवळं पाणी हलायला लागतं. जलमापासनं मी ते बघतोय.

गेल्या साली माघ सरला, लग्नाची गिऱ्हाइकं सुरू झाली, आन मी त्या पाण्यात उतरायला लागलो. दुसरं कसं सांगू? लोक म्हणत्यात थकवा आला की अंग दुखतं. माझं काय दुखत न्हवतं. खरं सांगतो, ते गोड वाटायचं. कुणीतरी मला हळूच उचलायचं, आन हळूच खाली ठिवायचं. समोर बाई बसलेली असायची, पर मला तिचं तोंड दिसायचंच न्हाय, नुसता हात दिसायचा. हात यायचा, मनगट फिरायचं, हात जायचा. पाण्यातल्या मासळीवानी. भाव विचारला तर आवाज विहिरीतनं आल्यागत यायचा.

“मामा, अवो मामा! हात सोडा की!”

भानावर येऊन बघतो तर बांगड्या कवाच भरून झालेल्या, आन मी त्या बाईचा हात धरून बसलेलो. शेजारी तिची सासू डोळं वटारून बघतीय.

म्हणलं, “बांगडी उतरती का ते बघत हुतो, मावशी. ग्यारंटीचं काम हाय आपलं.”

सासू म्हणली, “ग्यारंटी बांगडीला द्या, हाताला नगं.”

अशी माझी अब्रू रोज थोडी थोडी जायची. माळ्यावरनं डबा काढायला चार पायऱ्या चढलो की छातीत ढोल. आन तोंडाला एकच लागायचं, बर्फ. समोरच्या रसवंतीवाल्याला म्हणायचो, रस नगं, नुसता बर्फ दे. खडा तोंडात घालून कडाकडा चावायचो. त्यो म्हणायचा, “मामा, तुमी हितं आलाव चुकून, तुमचं गाव हिमालयाकडं हाय.” मला ते पटायचं बी.

नखांचं म्हणाल तर आधी अंगठ्याचं नख कांद्यागत पापुद्र्यानं सुटायला लागलं. मग बाकीची. जरा कशाला लागलं की टवका उडायचा. कासाराला नखाची धार म्हंजे लई वाईट. बांगडी सरकवताना आमचा अंगठा बाईच्या हातावरनं फिरतो. नख गुळगुळीत पायजे. एका नवरीच्या मनगटावर माझ्या नखानं लांब रेघ वढली, वरनं हळद लागली, ती पोर ‘आई गं’ करून उठली. तिची आत्या म्हणली, “कासार हायस का मांजर?”

सगळ्या हसल्या. मी बी हसलो. पर त्या दिवशी मी भ्यालो. कारण वैशाखात माझ्याच पोरीचं लगीन हुतं.

न्यूड

आमच्या घरात रीत हाय, पोरीचा चुडा बापानं भरायचा. माझ्या बहिणीचा आमच्या वडलांनी भरला. माझी बायको शालन, तिचा तिच्या वडलांनी. दुसऱ्यांच्या पोरींना जलमभर भरतो, मग आपली पोर दुसऱ्या कासारापुढं कशी बसवायची? आमची पिंकी एकुलती एक. तिला मोहोळ गावाला दिलीय. तिच्या हातात धा बोटांनी हिरवा चुडा चढवायचा, हे मी ती पाळण्यात असल्यापासनं मनात भरत आलोय. आन आता माझी बोटं मांजराची झालेली.

पिंकीनं ब्युटी पार्लरचा कोर्स केलाय. तिच्या डब्यात नखाला लावायच्या पन्नास बाटल्या. मी म्हणलं, ह्यातलं एखादं लावलं तर नख चिकटून तरी ऱ्हाईल. ती आंघोळीला गेली की मी डबा उघडायचो. लाल लावून दुकानात बसता येत न्हाय, म्हणून कातड्यासारखा गुलाबी रंग हुडकला. दोन दिसांनी पिंकी आईला विचारत हुती, “आई, माझी न्यूड कुटं गेली?”

मला विंग्रजी येत न्हाय, पर तो शबूद मोबाइलमुळं सगळ्यांनाच येतो. मी घाबरून बाटली बनियनमधी कोंबली. त्या रंगाचं नावच तसलं हाय हे मला लई उशिरा कळलं.

मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी देवाला हात जोडायचो आन त्याच हातांना गुलाबी रंग द्यायचो. एकावर एक तीन-तीन थर. नखं गुळगुळीत दिसायची. खाली ती पांढरीफट पडत चालली हुती, ते रंगानं झाकून टाकलं. जे मला सांगत हुतं, त्याचंच तोंड मी रंगवून बंद केलं.

वाढणं

आता आमच्या धंद्यातला एक शबूद सांगतो, त्यानंच माझा घात केला.

बांगडी ‘फुटली’ असं आमी म्हणत न्हाय. अशुभ हाय ते. बांगडी ‘वाढली’ म्हणायचं. बायका बी तसंच म्हणत्यात. पर बायका बांगडीपुरतं म्हणत्यात, आमाला पिढ्यांची सवय. आमच्या घरात कपाची बशी वाढती, आरसा वाढतो. ‘फुटलं’, ‘तुटलं’ हे शबूद तोंडातनं निघतच न्हाईत, त्यात घरात लगीन असल्यावर तर न्हाईच न्हाई.

शालननं ढकलल्यामुळं मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं गेलो. लई भला माणूस, पर बाहेर चाळीस पेशंट.

म्हणले, “काय होतंय?”

म्हणलं, “दमल्यागत हुतंय. आन नखं वाढत्यात.”

“वाढतात? मग चांगलंय की.”

“चांगलं कसलं साहेब, रोज दोन-तीन वाढत्यात. कामाला बसायची चोरी झालीय.”

ते हसले. “भाग्यवान आहात. केस पण असेच वाढतात का?”

मी डोक्यावरनं हात फिरवला. हितं टक्कल. म्हणलं, “ती तर कवाच वाढली, साहेब.”

त्यांनी माझ्या टकलाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, लग्नघराचं टेन्शन हाय म्हणले आन ताकदीच्या गोळ्या लिवून दिल्या. हात दाखवला असता तर गुलाबी रंग दिसला असता. लाजून मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेलो. त्यांची चूक न्हाय. मी बोललो कासारी, ते ऐकत हुते मराठी.

आन एक गोष्ट तर मी कुठल्याच भाषेत सांगितली न्हाय. दीड वरीस झालं, सकाळी संडासला गेलो की रक्त जायचं. दुखायचं न्हाय म्हणून मी म्हणायचो, उष्णता हाय, सोलापूरचं ऊन हाय. सब्जा भिजवून प्यायचो. सगळं गिऱ्हाईक बायकांचं, कळलं तर आख्ख्या पेठेत नाव पडंल, मूळव्याधवाला कासार. शालनला बी सांगितलं न्हाय. त्या लाजेत माझं रक्त थेंब थेंब निघून गेलं.

पडलो

जुळे सोलापुरात एका घरी चुडा हुता. बायका गाणी म्हणत हुत्या. नवरीनं हात पुढं केला आन त्यो हात लांब व्हायला लागला. लांब, लांब, दारातनं बाहेर, रस्त्यानं, उन्हात. हिरव्या बांगड्या त्याच्यावर एकामागनं एक निघाल्या. मी म्हणलं, थांबा, मी बी येतो. आन त्यांच्या मागं गेलो.

डोळं उघडलं तर मी बांगड्यांच्या डब्यावर आडवा. वर गोल करून बायका. कुणीतरी वरडली, “अगं बाई, सगळ्या फुटल्या!”

मी पडल्या पडल्या म्हणलं, “फुटल्या म्हणू नगा. वाढल्या.”

शालन अजून सांगती, मरताना बी ह्यांनी दुसऱ्याची भाषा सुधरली.

मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तितल्या सिस्टर अक्कलकोटकडच्या. हातात चिमटा घेऊन आल्या, म्हणल्या, “कै तोर्सी, मामा, हात दाखवा.” कानडीत हात दाखवा म्हणायचं झालं तर असंच. सोलापुरात कासाराला हात चार भाषेत मागावा लागतो, पर माझ्याकडं कुणी मागितला हुता त्यो हा पयलाच. मी मुठी आवळल्या.

सिस्टरनी बोटं उलगडून चिमटा लावला. मशीनवर आकडा येईना. दुसऱ्या बोटाला लावला, येईना. त्यांनी माझं बोट डोळ्याजवळ नेलं.

“मामा, नेलपॉलिश लावलंय का तुम्ही?”

शेजारच्या खाटेवरचे सलाइन लावलेले आजोबा उठून बसले.

मी म्हणलं, “औषध हाय ते.”

“तीन थर?”

“डोस वाढवला हुता.”

पिंकी धावत आली तवा तिच्या पर्समधी पुसायचं पाणी हुतं. तिनं कापसानं एक एक नख पुसलं. गुलाबी रंग कापसावर आला आन खालची नखं उघडी पडली. मी बी तवाच बघितली. कागदासारखी पांढरी. मधी खोल गेलेली, कडा वर आलेल्या. पिंकीचा हात थांबला. आपली हरवलेली बाटली तिला तवाच सापडली, पर भांडली न्हाय, त्यावरनं मला कळलं की प्रकरण गंभीर हाय.

डॉक्टरीणबाई आल्या. पोरसवदा, पिंकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सुईतनं पाण्याचा एक थेंब माझ्या अंगठ्याच्या नखावर सोडला. थेंब घसरला न्हाय. बसला तितंच, वाटीत बसल्यागत. खिडकीतनं ऊन आलं आन त्यो थेंब पेटला. आत खिडकी दिसत हुती, खिडकीतलं झाड दिसत हुतं. सोलापूरची आख्खी दुपार माझ्या नखात मावली हुती. मी बघतच ऱ्हायलो. एवढं सुंदर काय माझ्या हातावर कवा बसलं न्हवतं.

बाई म्हणल्या, “नखाची पाठ वर पाहिजे. ह्यांचा चमचा झालाय. कधीपासून आहे?”

म्हणलं, “लई दिस झाले. वाढत्यात.”

“वाढतात, मग तर…”

“अवो बाई!” शालन मधी पडली. “ह्यांच्या भाषेत वाढत्यात म्हंजे फुटत्यात! बांगडीचं बोलणं हाय ते! गल्लीतल्या डॉक्टरला बी असंच बोलले असणार हे.”

बाईंनी लिवलेलं खोडलं. मग माझ्याकडं सरळ बघितलं. “रक्त कमी झालंय. ते कुठून तरी जातंय. कुठून?”

मी छताकडं बघितलं. पंखा फिरत हुता.

“काका, कुठून?”

“बसायच्या जागी… जरा…”

“जरा काय?”

“वाढलंय.”

शालननं कपाळावर हात मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तपासणीचा कागद आला. रक्त तेरा-चौदा पायजे तितं पाच. बाई म्हणल्या, “एवढ्यावर तुम्ही चालत कसे होतात?”

म्हणलं, “चालत न्हवतो, तरंगत हुतो.”

अजून काही

लग्नाला बारा दिस.

बाई म्हणल्या, रक्त चढवू, आन दुर्बीण घालून आतनं बघू. “मूळव्याधच आहे का अजून काही, ते कळलं पाहिजे.”

‘अजून काही’. हे दोन शबूद त्या दिसापासनं आमच्या खाटेवर येऊन बसले. कुणी त्यांचं नाव घेईना. शालन डाळिंब सोलायची, दाणं वाटीत टाकायची, माझ्याकडं बघायची न्हाय. एक आख्खा दिस ती माझ्याशी बोलली न्हाय. दुसऱ्या दिवशी बोलली तर एकदम.

“दीड वरीस. एका घरात ऱ्हातो, एका ताटात जेवतो. कपडं मी धुते तुमचं. तुमी आपलं आपण धुऊन वाळत घालायचा तवा मला वाटायचं, म्हातारपणी शाणा झाला माणूस.”

मी म्हणलं, “शालन, लाज वाटली.”

“कुणाची? माझी?”

ह्याला माझ्याकडं विनोद न्हवता. जलमात पयल्यांदा न्हवता. तिनं वाटी पुढं केली. “खा. सगळं संपवा.”

दुपारी रक्त चढायचं. पिशवी वर टांगलेली, थेंब खाली यायचा. मी डोळं अर्धे मिटून बघायचो. लाल काच उन्हात दिसती तसाच रंग. कुणाचं असंल ते? बाईचं का बाप्याचं? एखादी बाई माझ्याकडनं बांगड्या भरून गेलेली असंल, तिनंच दिलं असंल. मला वाटायचं, आजपातुर मी जेवढे हात धरले ते सगळे हात आता माझा हात धरून बसलेत. कुणी घासाघीस करत न्हाय, कुणी सैल द्या, घट्ट द्या म्हणत न्हाय. नुसते धरून. पाय गरम व्हायला लागले. जिभेला चव आली. दुसरी पिशवी संपली आन मला रस्त्यावरचा भेळवाला ऐकू आला. आधी पण त्यो रोजच वरडत असणार.

भ्या मात्र जात न्हवतं. डोळं मिटलं की पिंकीचा मोकळा हात दिसायचा, बिनबांगड्यांचा.

तिसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. त्याचं वर्णन करत न्हाय, मी जोकर असलो तरी कासार हाय. बाई हसत बाहेर आल्या. “अजून काही नाही. मूळव्याधच आहे. तिथंच एक बारीक रबराची रिंग बसवलीय, कोंब आपोआप सुकून पडेल.”

मी म्हणलं, “रिंग?”

“हो. छोटी बांगडीच म्हणा.”

लोकांना भरता भरता जलम गेला, शेवटी मला बी भरली. आन कुटं भरली! शालन तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मला वाटलं रडतीय. वऱ्हांड्यातनं हसण्याचा आवाज आला, आन मग खरंच रडण्याचा.

हात दिला

शालनचं म्हणणं, लगीन पुढं ढकलू. मोहोळच्या व्याह्यांचा फोन आला, माणूस मोठा. म्हणले, “दाजी, जीव हाय तर वरात हाय. तुमी म्हणाल तवा.” मी म्हणलं, तारीख हलवायची न्हाय. शालन म्हणली, “मग चुडा माझा भाऊ भरंल. तुमची बोटं बघा कशी थरथरत्यात.” खरंच थरथरत हुती. पाण्याचा पेला धरला तर अर्धं पाणी चादरीला.

मी भिंतीकडं तोंड केलं.

त्या दुपारी पिंकी आपला डबा घेऊन आली. स्टूल वढलं, माझा हात आपल्या मांडीवर घेतला. म्हणलं, “काय करतीस?”

“गप बसा आप्पा. आज तुमी गिऱ्हाईक.”

कोमट पाण्यात बोटं बुडवली, जरा येळच. तिनं नखं बारीक कापली, पार बोटाच्या बरोबर. मग कानशीनं कडा घासायला लागली.

“एकाच बाजूनं घासायचं, आप्पा. पुढंमागं करवत चालवली की पापुद्रं सुटत्यात. आन मुळाजवळचं हे कातडं कापायचं न्हाय, राखण असते ती नखाची.” मग खोबरेल तेलाचा थेंब एक एक नखाच्या मुळाशी चोळला. “चार-सहा महिनं रंग लावायचा न्हाय. नख दिसलं पायजे.”

“न्यूड बी न्हाय?”

“आप्पा!”

सिस्टर दारात हसल्या. मी हात ढिला सोडायचा प्रयत्न करत हुतो आन सुटत न्हवता. आजपातुर हजार बायकांना म्हणलो, हात सैल सोडा बाई. दुसऱ्याच्या हातात हात द्यायला केवढी हिंमत लागती ते मला तवा कळलं. ती मान खाली घालून घासत हुती. केसाच्या भांगात ऊन पडलेलं. कवा एवढी झाली ही, म्हणलं. मी नुसता बघत हुतो, दमलो हुतो पर बुडत न्हवतो.

ती रोज आली. सकाळी तेल, दुपारी तेल. मी त्या थरथरत्या बोटांनी पलंगाच्या दांडीवर सलाइनची नळी बांगडीवानी सरकवून बघायचो. सिस्टर वरडायच्या.

माझ्यासारख्यांसाठी

हुशारी करत न्हाय, चार गोष्टी सांगतो. बाईंनी सांगितल्या तशाच.

लग्न असू दे, परीक्षा असू दे, दुखणं असू दे, धावपळीच्या दिसात रोज एकदा आपली नखं उजेडात बघा. पांढरी पडली, मधी खोल गेली, सारखी टवके उडायला लागली, निळसर दिसली, न्हाय तर एखाद्या नखात नवी काळी रेघ आली, तर डॉक्टरला दाखवा. नख नुसतं साबणानं, धुण्यानं, टेन्शनमधी चावल्यानं बी खराब हुतं, लगेच भिऊ नका. पर दाखवा. रंग पुसून दाखवा. आन हात मांडीखाली घालू नका.

कामाच्या गडबडीत मी नुसत्या चहावर दिस काढायचो. आता लोहाच्या गोळीच्या मागं-पुढं चहा बंद. पालेभाजी, मटकी, शेंगा, वर लिंबू. गोळीनं संडास काळं हुतं, मला वाटलं मेलो, सिस्टर म्हणल्या हे तसंच असतं. भांडी, धुणं असंल तर रबरी मोजे घाला. नवं नख मुळापासनं वर यायला पाच-सहा महिनं लागत्यात, आरशात बघितल्यागत रोज बघून रडू नका.

आन जिथनं रक्त जातंय ते सांगा. ज्या शबदात समोरच्याला कळतं त्या शबदात सांगा. रक्त म्हणा. फुटतं म्हणा. मी अजून बांगडीला वाढली म्हणतो, पर माझ्या अंगाला आता म्हणत न्हाय.

चुडा

हळदीच्या आदल्या दिवशी घरात बायका जमल्या. मी चार दिसांमागं घरी आलेलो. बांगड्यांचा डबा माझ्यापुढं, मागं शालनचा भाऊ. तो बी कासार. म्हणला, “भावजी, मी हाय बरं का मागं. हात दमला की सांगा.”

पिंकी समोर बसली. शालनच्या खांद्याला टेकून, कारण दवाखान्यात सहा दिस तिनं बी काढले हुते, वर लग्नाची धावपळ. डोळ्याखाली काळं आलेलं. तिनं डावा हात माझ्या हातात दिला.

पयली बांगडी सांध्यावर अडकली. माझी बोटं थरथरली. मेव्हणा मागनं पुढं सरकलेला मला कळला. पूर्वी असतो तर अंगठ्याच्या नखाचा टेकू देऊन झटक्यात सारली असती. आता टेकू द्यायला नखच न्हवतं. मी थांबलो. एक श्वास घेतला. मग बोटाच्या मऊ पोटानं तिचा हात दाबत गेलो, हाड आत, मांस आत, हळू, लई हळू. कणीक मळल्यागत. बांगडी सरकली. आवाज न करता मनगटावर जाऊन बसली.

दुसरी. तिसरी. मला ह्या पद्धतीनं भरता येतं हे मलाच ठावं न्हवतं. तीस वरसं मी नखाच्या जोरावर भरत आलो, घाईत. कुणीतरी गाणं धरलं, बारीक आवाजात. दारातनं संध्याकाळचं ऊन येत हुतं आन डब्यातली हिरवी काच भिंतीवर हलत हुती. मी बोटं बघत हुतो, तिचा हात बघत हुतो. किती येळ गेला ठावं न्हाय. कुठंच रेघ उठली न्हाय.

डावा हात भरला. म्हणलं, “दुखलं का गं?”

वर बघितलं तर पिंकी झोपलेली. शालनच्या खांद्यावर डोकं, तोंड जरासं उघडं. चुडा भरताना मी कुणालाच झोपलेलं बघितलं न्हाय. बायका दात आवळत्यात, डोळं मिटत्यात, पुटपुटत्यात. झोपत कुणीच न्हाय.

गाणं थांबलं. मेव्हणा हळूच मागं सरकून भिंतीला टेकला. शालननं माझ्याकडं बघितलं आन डोळ्यांनीच खुणावलं, उठवू नगा.

मी तिचा उजवा हात मांडीवरनं उचलून माझ्या हातात घेतला. त्यो सैल हुता.